सत्तर टक्क्यांची राउंड फिगर

आदल्या रात्री साडेदहाला शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतो: उद्या रेड अलर्ट, शाळा बंद. सकाळी उठून बघावं तर गॅलरीत लख्ख ऊन. चार दिवस कुबट वास मारणारे कपडे नऊच्या आत खडखडीत वाळतात, पोरं पॅसेजमध्ये क्रिकेट मांडतात आणि आमच्या शेजारचे काका दारात उभे राहून निकाल देतात, "या हवामान खात्याचं काही खरं नाही. माझ्या गुडघ्याला यांच्यापेक्षा जास्त कळतं."

काकांच्या गुडघ्याबद्दल मला आदर आहे. पण अलर्ट नसताना पाणी तुंबलं की काका हेच वाक्य पुन्हा म्हणतात. सांगून पडला नाही तरी खातं खोटं, न सांगता पडला तरी खोटं. आणि सांगितल्याप्रमाणे पडला, तर त्यावर कुणी काही बोलत नाही, कारण त्या दिवशी काका स्वतःच कुठेतरी लोकलमध्ये अडकलेले असतात.

मला यात रिक्षाचं मीटर दिसतं. मीटर सत्तावीस दाखवतं, सुट्टे नसतात, आपण तीस देऊन उतरतो. राउंड फिगर. तीन रुपयांनी कुणाचं काही बिघडत नाही. शक्यतेच्या बाबतीतही आपण तेच करतो, पण तिथे बिघडतं. कुणी म्हणालं, पावसाची शक्यता सत्तर टक्के, की आपण ऐकतो "पडणार". कुणी म्हणालं दहा टक्के, की आपण ऐकतो "छे, शक्यच नाही". मधला सगळा चिल्लर हिशेब गायब. भाकीत करणारे हे करतात, ऐकणारे करतात, आणि एखादा विचित्र वाटणारा शास्त्रीय विचार समोर आला की मोठमोठे विद्वानही करतात. "हे बहुधा चूक असावं" याचं बघता बघता "हा मूर्खपणा आहे" होतं.

या सवयीची फार मोठी किंमत याच शहराने परळच्या आसपास मोजली आहे. तिकडे जाऊच. आधी पावसाचं बघू.

रेड म्हणजे पाऊस पडणारच, असं नाही

हवामान खात्याचे रंग हे आपण काय करायचं ते सांगणारे रंग आहेत. हिरवा म्हणजे काही करायला नको. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे हालचाल करा. रंग ठरवताना दोन गोष्टी एकत्र बघतात: घटना घडण्याची शक्यता किती, आणि घडलीच तर नुकसान किती. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला तर तो अत्यंत मुसळधार पाऊस. एवढा पाऊस मुंबईत भरतीच्या वेळेला आला तर काय होतं ते इथे कुणाला समजावून सांगायला नको. त्यामुळे पुरेशी खात्री नसतानाही लाल रंग देणं शहाणपणाचं ठरू शकतं.

छातीत कळ येते म्हणून तुम्ही दवाखान्यात जाता. डॉक्टर म्हणतात, आधी ईसीजी काढा. ईसीजी साफ येतो, पित्त निघतं. घरी येऊन कुणी "डॉक्टर खोटारडा" म्हणत नाही. उलट पेढे नसले तरी चहा तरी होतो.

आता प्रश्न असा की खातं सरळ हो-नाही का सांगत नाही? कारण हवेचा स्वभावच तसा आहे. १९६१ साली एडवर्ड लॉरेंझ नावाचा अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ संगणकावर एक लुटुपुटीचं हवामान चालवून बघत होता. जुना हिशेब पुन्हा चालवताना त्याने ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. फरक नगण्य, राउंड फिगरच म्हणा. तो चहा-कॉफी करून परत येईपर्यंत संगणकातलं हवामान मूळ हिशेबापासून पार भरकटलेलं होतं. खऱ्या हवेत तर प्रत्येक चौरस फुटावरचा आकडा आपल्याला कधीच पूर्ण माहीत नसतो. म्हणून आजचे अंदाज एकदा नव्हे, थोडेथोडे आकडे बदलून पुष्कळ वेळा काढतात, आणि त्यातल्या किती वेळा पाऊस आला ते मोजतात. शक्यतेचा आकडा येतो तो तिथून. शास्त्रज्ञाच्या भित्रेपणातून तो येत नाही.

आणि आपली खिडकी किती फसवी असते हे मी स्वतः शिकलेलो आहे. २६ जुलै २००५च्या दुपारी मी फोर्टात होतो. घरून फोन आला की कलिन्यात रस्त्यावर कमरेएवढं पाणी आहे. मी खिडकीबाहेर पाहिलं. रोजचाच पाऊस. "काहीतरीच काय सांगतेस," म्हटलं आणि फोन ठेवला. त्या २४ तासांत कुलाब्याला ७३.४ मिलिमीटर पाऊस झाला आणि सांताक्रूझला ९४४. एकाच शहरात. ती रात्र मी दादर स्टेशनच्या पुलावर काढली, आणि त्या फोनबद्दल घरात अजूनही ऐकून घेतो.

"टक्के सांगणं म्हणजे दोन्ही डगरींवर हात!"

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो वावगा नाही. सत्तर टक्के म्हणणारा माणूस पाऊस पडला तरी बरोबर, नाही पडला तरी बरोबर. मग त्याला पकडायचं कसं?

एका दिवसावरून पकडता येत नाही, पण शंभर दिवसांवरून येतं. कोळीण मासे तोलते त्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का असतो. तो शिक्का मारताना कुणीतरी ठरावीक वजनाचं माप काट्यावर ठेवून बघितलेलं असतं. भाकिताचंही तसंच करायचं. ज्या ज्या दिवशी "सत्तर टक्के" म्हटलं ते सगळे दिवस काढायचे आणि त्यातल्या किती दिवशी खरंच पाऊस पडला ते मोजायचं. शंभरातले सत्तरच्या आसपास निघाले तर काटा बरोबर. पंचाण्णव निघाले तर भाकीत करणारा उगाच घाबरट, चाळीस निघाले तर तो बढाईखोर. म्हणजे टक्के सांगणारा पळून जात नाही, फक्त त्याला थोडं उशिरा पकडता येतं. खरी पळवाट असते ती "येत्या काळात मोठे बदल संभवतात" असल्या वाक्यात. तिथे ना आकडा, ना तारीख. काट्यावर ठेवायला काहीच नाही.

फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञाने हे काम राजकारण आणि अर्थकारणावर बोलणाऱ्या पंडितांच्या बाबतीत केलं. २८४ तज्ज्ञ, सुमारे ८२ हजार भाकितं, जवळपास वीस वर्षं. २००५ साली निकाल प्रसिद्ध झाला. सरासरी तज्ज्ञ साध्यासुध्या ठोकताळ्यांपेक्षा फारसे सरस निघाले नाहीत, आणि जे टीव्हीवर जास्त दिसत, ज्यांची वाक्यं ठसठशीत असत, त्यांचा काटा जास्त चुकत होता. निवडणुकीच्या निकालाआधीचा कुठलाही मराठी चॅनेल आठवा, मला अधिक सांगायला नको.

गिल्बर्ट हिलपेक्षा लहान पृथ्वी

भाकीत नेहमी भविष्याचंच असतं असं नाही. भूतकाळाबद्दलही माणूस तेवढ्याच ठामपणे फसतो.

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गर्दीत गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या खडकाचा सुळका उभा आहे. जवळपास २०० फूट उंच, वर देऊळ. दख्खनच्या लाव्हारसाच्या काळातला हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. आणि १८९७ साली लॉर्ड केल्विन, त्या काळचे बहुधा जगातले सर्वांत नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ, सांगत होते की अख्ख्या पृथ्वीचं वय २ ते ४ कोटी वर्षं आहे. म्हणजे त्यांच्या हिशेबाने अंधेरीतला खडक पृथ्वीच्या आधी जन्मला.

केल्विन मूर्ख नव्हते आणि त्यांचं गणितही चुकलेलं नव्हतं. त्यांनी जे धरून चाललं होतं ते चुकलं. पृथ्वी आधी वितळलेली होती, मग निवत गेली. जमिनीखाली जावं तसं तापमान किती चढतं ते मोजलं की निवायला किती काळ गेला ते कळेल, अशी त्यांची पद्धत. यात गृहीत एकच, की पृथ्वी आतून घट्ट आहे.

पिठल्याचं भांडं घ्या. गॅसवरून उतरवून न हलवता ठेवलं तर वरचा थर लवकर निवतो, आत चटका बसेल इतकं गरम असलं तरी. तेव्हा वरून गरम लागलं की तुम्ही म्हणणार, आत्ताच उतरवलंय. पण कुणी तळापासून हळूहळू ढवळत राहिलं तर वरचा भाग कितीतरी वेळ गरम राहील आणि तुमचा "आत्ताच" साफ चुकेल. पृथ्वी आतून अशी ढवळली जाते, फार सावकाश. केल्विन यांचेच एकेकाळचे सहायक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये हे सुचवलं: आतली उष्णता वर सहज येत असेल तर वय कितीतरी पटींनी वाढेल. गुरूने ते मनावर घेतलं नाही. आज पृथ्वीचं वय साधारण ४५४ कोटी वर्षं धरतात.

इथे नुकसान काय झालं? भूगर्भशास्त्रज्ञांची आणि उत्क्रांतीवाल्यांची काही दशकं कुचंबणा झाली. डार्विनला केल्विन यांचे आधीचे अंदाज छळत राहिले. पण कुणाचा जीव गेला नाही. परळची गोष्ट निराळी आहे.

आधी उंदीर पडले

माझ्या आजीच्या बोलण्यात "उंदीर पडला" असा एक शब्दप्रयोग होता. उंदीर मेला, असं ती म्हणायची नाही. तो शब्द तिला तिच्या सासूकडून आला होता, आणि त्याचा अर्थ होता: बिऱ्हाड आवरा, चाळ सोडा.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी ताप आणि जांघेत गाठ आलेले रुग्ण तपासले आणि हा प्लेग असल्याचं ओळखलं. गाठीचा ताप. काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास मुंबई शहर सोडून गेली. सरकारने मग जे केलं ते त्या काळच्या समजुतीनुसार अगदी पद्धतशीर होतं: घरांना चुना, गटारांत कार्बोलिक, कौलं काढून खोल्यांत ऊन सोडणं, अंथरुणं जाळणं, माणसं उचलून इस्पितळात नेणं. घाण, कोंदट हवा आणि माणसाचा माणसाला स्पर्श, रोग पसरतो तो याच वाटांनी, हे बहुतेकांना पक्कं ठाऊक होतं. घरात शिरून होणाऱ्या तपासण्यांचा लोकांना इतका संताप आला की पुण्यात १८९७ साली चाफेकर बंधूंनी रँडला मारलं.

रोगाचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडलेला होता. तो उंदरांतही असतो हेही कळलेलं होतं. अडलं होतं एवढ्यावरच की उंदरातून तो माणसात येतो कसा.

पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर १८९७ मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटतर्फे हिंदुस्थानात आला. मुंबईत काम करताना आणि नंतर त्याने रुग्णांचे पाय बारकाईने पाहिले. काहींच्या पायावर एक लहानसा फोड असायचा, आणि गाठ त्याच बाजूच्या जांघेत. त्याला वाटलं, हा पिसू चावल्याचा फोड. २ जून १८९८ रोजी कराचीत त्याने एक प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत तळाशी वाळू, त्यावर प्लेगने मरायला टेकलेला, पिसवा असलेला उंदीर. वर टांगलेल्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर, ज्याला खालच्याला शिवता येणार नाही. खालचा मेला. पाच-सहा दिवसांत वरचाही प्लेगने गेला. मधली वाट पिसवांनी उडी मारून पार केली होती.

आदल्याच वर्षी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी शोधला होता. म्हणजे कीटकातून रोग येतो ही कल्पना अगदी परग्रहावरची नव्हती. तरीही सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने आपल्या अहवालात सिमाँच्या मताला विचारात घेण्याइतकाही आधार नाही, अशा अर्थाचा शेरा मारला आणि पुढचं पान उलटलं.

आक्षेप खरा होता, पण दुसऱ्या पिसवेबद्दल

इथे थांबून कमिशनची बाजू घेतली पाहिजे, कारण ही गोष्ट सहसा "शहाणा सिमाँ आणि ठोंबे साहेब" अशी सांगतात आणि त्यातलं शिकण्यासारखं सगळं हरवतं.

पहिली गोष्ट, पायावरचा फोड. गावातल्या-चाळीतल्या लोकांना अनवाणी चालायची सवय. शेणाच्या जमिनीतला विषार पायाच्या भेगांतून शिरतो असं मानणाऱ्यांनाही तोच फोड पुरावा म्हणून चालत होता. पिसवेची उडी जेमतेम वीतभर, म्हणून ती पायाला चावते. आणि माती पायाला लागते. एकच खूण, दोन अर्थ.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. युरोपातल्या संशोधकांनी तिकडच्या उंदरांच्या पिसवा पकडून पाहिलं होतं, आणि त्या माणसाला चावायला तयारच नव्हत्या. मग पिसवेतून प्लेग येईलच कसा? बिनतोड वाटणारा मुद्दा. चूक फक्त एवढी की मुंबईच्या उंदरांवर वेगळ्याच जातीची पिसू होती. झेनोप्सिला चिओपिस. ही बया उंदरावर खूश असते, पण उंदीर मेला आणि थंड पडला की जे गरम अंग सापडेल त्यावर चढते.

हे मुंबईत नीट उलगडलं ते डॉ. ग्लेन लिस्टन यांनी. प्लेग लागलेल्या चाळीत त्यांनी गिनीपिग सोडले. सापळा म्हणून. गिनीपिगच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या, आणि त्या चाळीतल्या माणसांच्या अंगावरही. त्यांचं हे काम १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आलं. प्लेगची उकल पक्षी-प्राणी-किड्यांत रमणाऱ्या मंडळींच्या नियतकालिकात यावी, हे मला फार आवडतं.

पुढे नव्या कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, हे पुरतं तपासलं. आवारात छोट्या खोपट्या बांधल्या. काहींच्या छपरात उंदरांना राहता येईल अशी कौलं. काहींमध्ये उंदीर-पिसवांना खाली वाट मिळणार नाही अशी सोय. आत आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र. जिथे पिसवा होत्या तिथे रोग पसरला. जिथे नव्हत्या तिथे निरोगी गिनीपिग आजाऱ्यांना चिकटून, त्याच घाणीत राहिले आणि ठणठणीत राहिले. प्लेगच्या घरांमध्ये जमिनीलगत ठेवलेल्या पिंजऱ्यातले प्राणी आजारी पडत, दोन फूट उंच टांगलेल्यातले वाचत.

सिमाँच्या बरणीपासून परळच्या खोपट्यांपर्यंत सात-आठ वर्षं गेली. १८९८ ते १९१८ या वीस वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून जास्त माणसं नेली. पिसू आधी कळली असती तर त्यातली किती वाचली असती? ठाम आकडा सांगितला तर मीच राउंड फिगर करीन. कळल्यानंतरही साथी आल्याच. पण चुना आणि कार्बोलिकवर खर्चलेली ती वर्षं उंदरांवर खर्ची पडली असती, एवढं नक्की म्हणता येतं. तपासायला लागलं काय असतं? काही पिंजरे, काही गिनीपिग, थोडी कौलं.

हुशार माणसं असं का करतात?

कारण बहुतेक वेळा झटकून टाकणं बरोबरच असतं. कुठल्याही भौतिकशास्त्र विभागाच्या टपालात आइनस्टाइनला खोटं ठरवणारी पत्रं येतच असतात. प्रत्येकावर सहा महिने घालवले तर संशोधन बंद पडेल. म्हणून अनुभवी माणूस पहिल्या पानावरच नाक मुरडायला शिकतो, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा त्याचं नाक बरोबर निघतं. मग त्याला नाकच पुरावा वाटायला लागतं.

३१ जुलै १९३० रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हा १९ वर्षांचा मुलगा मुंबई बंदरातून बोटीत बसला. इंग्लंडला पोचेपर्यंत त्याने गणित मांडलं होतं: जळून संपलेला तारा एका ठरावीक वजनापेक्षा, म्हणजे आजच्या हिशेबाने सूर्याच्या साधारण १.४ पटीपेक्षा, जड असेल तर तो स्वतःच्या भाराखाली आकसतच जाईल. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनमध्ये नामवंत खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी त्याची भर सभेत रेवडी उडवली. ताऱ्याने असं विचित्र वागू नये म्हणून निसर्गात काहीतरी नियम असलाच पाहिजे, असं ते म्हणाले. गणितात चूक दाखवली नाही. ताऱ्याने कसं वागावं हे एडिंग्टननी ठरवलेलं होतं! चंद्रशेखर यांनी काही वर्षांनी तो विषय बाजूला ठेवला. नोबेल मिळालं १९८३ मध्ये. मधल्या काळात कृष्णविवरांकडे जाणारी ही वाट बरीच वर्षं ओस पडली.

मग तळपद्यांचं विमानही उडालं म्हणायचं?

नाही. हा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण वरच्या सगळ्या गोष्टी ऐकल्या की प्रत्येक चमत्कारवाला उठून म्हणतो, "सिमाँलाही हसले होते."

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं ही कथा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना अभिमानाने ऐकली आहे. मीही ऐकली आणि बरीच वर्षं दुसऱ्यांना सांगितली. पण त्या उड्डाणाचा तपासून बघता येईल असा ठोस पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ज्या वैमानिक शास्त्रातून ही विद्या घेतली म्हणतात, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच प्राध्यापकांनी १९७४ मध्ये वाचलं, त्यातली विमानं तपासली. निष्कर्ष: मजकूर विसाव्या शतकातला, आणि ही यंत्रं उडू शकत नाहीत. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच.

फरक कुठे आहे ते बघा. सिमाँ म्हणत होता, ही बरणी घ्या, करून बघा, आणि पिसवा काढून टाकल्या की रोग पसरणार नाही. म्हणजे आपण खोटे कसे ठरू हेही तो सांगत होता. विमानवाल्यांना विचारा, काय सापडलं तर तुम्ही मान्य कराल की विमानं नव्हती? उत्तर मिळत नाही, मिळतो तो राग. आणि बंगळुरूच्या प्राध्यापकांनी तरीही ते पुस्तक वाचलं, आकडे घातले, मग नाही म्हटलं. त्या नकाराला वजन आहे. न वाचता दिलेल्या नकाराला ते नसतं, भले तो बरोबर का निघेना.

तपासलं की सगळं लख्ख होतं असंही नाही. १९८९ मध्ये साध्या तापमानाला अणूंचं मीलन घडवल्याचा अमेरिकेतून दावा आला तेव्हा आपल्या ट्रॉम्बेतल्या भाभा केंद्रातही प्रयोग झाले, आणि तिथल्या काही गटांनी अनुकूल नोंदीही केल्या. जगभर मात्र तो प्रयोग भरवशाने पुन्हा करता आला नाही आणि विषय बाजूला पडला. अशा वेळी दहा टक्क्यांचे दोन टक्के करायचे आणि पुढच्या कामाला लागायचं. शून्य लिहायची गरज नसते.

"शंका घेत बसलो तर निर्णय कधी घेणार?"

मानणं आणि करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीस टक्के शक्यता असली तरी मी छत्री घेतो. पाऊस पडणार असं मी मानलेलं नसतं, पण छत्री हलकी आहे आणि भिजून एसी ऑफिसात बसणं महाग आहे. शाळा बंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्याचाही हिशेब तोच. निर्णय हो किंवा नाही असाच घ्यावा लागतो. डोक्यातला आकडा मात्र सुट्टाच ठेवता येतो, म्हणजे उद्या नवी माहिती आली की तो हलवता येतो. ज्याने आधीच शंभर लिहिलेत त्याला हलायला जागा नसते, आणि हललं तर नाक कापल्यासारखं वाटतं.

तपासणीचा खर्च किती, हाही प्रश्न विचारायचा. जयंत नारळीकरांनी ज्योतिषाच्या बाबतीत तो विचारला. महाराष्ट्रातल्या हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या एकत्र केल्या आणि ज्योतिषांना वाटल्या. प्रत्येकी ४०, ओळखा कोणती कुणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर आलेल्यांचं प्रमाण ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आले असते. टपालखर्च आणि थोडी मेहनत, बास. आणि हेच नारळीकर महास्फोटाचा सिद्धांत न मानणाऱ्या मोजक्या विश्वशास्त्रज्ञांपैकी एक होते, शेवटपर्यंत. बहुसंख्य शास्त्रज्ञांना त्यांचं म्हणणं पटलं नाही. पण त्यांनी ते गणितात मांडलं, निरीक्षणांशी ताडून बघितलं, टीका छापील उत्तरं देऊन झेलली. ज्योतिष्याकडून जे मागितलं तेच स्वतःकडूनही मागितलं.

परवा संध्याकाळी काका पुन्हा दारात. ढग दाटलेले, वीज अजून गेलेली नाही.

"काय रे, उद्या सकाळी डोंबिवलीला जायचंय. पडेल का?"

मी मोबाइल बघून म्हटलं, "साठ टक्के."

काका दोन क्षण गप्प राहिले.

"म्हणजे पडेल ना?"